टाकीच्या पाठीचा ठसा

घरात तिला खारूताई म्हणत. नाण्यावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची आणि नाणं कागदावर उमटवायचं, हा खेळ सगळीच मुलं खेळतात आणि वर्षभरात विसरतात. हिचा तो चाळिशी जवळ आली तरी सुटला नव्हता. खांद्यावरच्या पिशवीत पातळ कागदाची गुंडाळी, चिकटपट्टी आणि मऊ शिशाच्या पेन्सिलींचे बोटभर तुकडे कायम असत. जिन्याची पायरी, बाकाची फळी, गटाराचं झाकण, जे हाताला खरखरीत लागेल त्यावर कागद धरायचा, पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवायची आणि ठसा अलगद सोलून घ्यायचा. मागे तारीख, जागा आणि पेन्सिलीचा नंबर लिहायचा. मग तो फायलीत. "खार दाणे साठवते, आमची ही खरखर साठवते," असं तिचा दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

पण त्या खरखरीवरच तिचं पोट होतं. ती भीतीची कॉमिक काढायची. भूत काढायला अक्कल लागत नाही, असं तिचं म्हणणं; भिंत काढायला लागते. भिंत खरी वाटली की तिच्यातून येणारं भूत आपोआप खरं वाटतं. कॉम्प्युटरवर तयार मिळणारे पोत तिला चालत नसत. तिच्या मागच्या पुस्तकातल्या चेटकिणीचा झगा म्हणजे बँकेच्या दारातलं पायपुसणं होतं, आणि धुकं म्हणजे घासून घासून गुळगुळीत झालेला पॉलिश कागद. हे वाचणाऱ्यांना कळत नसे. कळायची गरजही नव्हती. बोटाने पान चाचपून बघावंसं वाटलं, की तिचं काम झालं.

नव्या पुस्तकात जमिनीखाली राहणारा एक प्राणी होता. त्याला डोळे नव्हते, तोंड नव्हतं, नुसतं पोट होतं. त्या पोटाचं कातडं तिला दोन महिने सापडत नव्हतं. ते सापडलं दादाच्या दुकानात.

दादाचं दुकान म्हणजे रस्त्याच्या वळणावरची एक लांबट खोली. पुढे पंक्चर काढायचं आणि हवा भरायची, आत टायरांच्या चळती, आणि अगदी शेवटी, एकुलत्या एक खिडकीच्या उजेडात, वहिनीचं शिलाई मशीन. वहिनी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर कॉम्प्रेसरची हवेची टाकी होती. बसलेल्या म्हशीएवढी, आडवी, चार पायांवर उभी, वर मोटार. टाकीची पुढची बाजू लोकांची कोपरं लागून लागून चकचकीत झाली होती. मागची बाजू भिंतीला जवळजवळ चिकटलेली. मध्ये जेमतेम चार बोटं जागा. ती टाकी तिथे बसवल्यापासून त्या फटीत कुणाची नजर गेली नव्हती. खारूताईचा हात गेला.

दादा-वहिनी डबा खात होते, मोटार बंद होती. तिने कागद फटीत सरकवला, आंधळ्याने चाचपावं तसा चाचपून बसवला आणि पेन्सिल फिरवली. कागद बाहेर आला तेव्हा ती भान विसरून बघत राहिली. रंगाचे फुगलेले फोड, ओघळ, गंजाचे दाणे, टाकीचा पाय जिथे जोडला होता तिथली वेल्डिंगची वळकटी. हेच ते कातडं.

"आता टाकीचीही पाठ खाजवून झाली का?" दादा म्हणाला.

"खाजवली नाही रे, कुरवाळली."

"वहिनीला शिकव जरा. माझी कुणी कुरवाळत नाही."

"आधी अंघोळ करत जा," वहिनी डब्यातून मान वर न करता म्हणाली.

घरी येऊन तिने तो ठसा स्कॅन केला. वेल्डिंगच्या खालच्या टोकापासून एक बारीक पांढरी रेघ निघाली होती, बोटाच्या पेराएवढी. पातळ कागद अडचणीत कोंबला की त्याला घडी पडते, आणि घडीवर पेन्सिल बसत नाही. अशा घड्या ती दिवसाला वीस बुजवायची. शेजारचा करडा तुकडा उचलला, रेघेवर बसवला, कडा मिसळल्या. अर्ध्या मिनिटाचं काम. मग त्या कातड्याने तिने सहा पानं भरली.

सोळा दिवसांनी संपादकांचा फोन आला. पोट फार आवडलं होतं. ते समोरासमोरच्या दोन्ही पानांवर पसरून हवं होतं. त्यासाठी मोठा ठसा लागणार होता. ती पुन्हा दुकानात गेली, पुन्हा डब्याच्या वेळेला, आणि या खेपेला दुप्पट लांबीचा कागद घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी, अकराच्या सुमाराला, तिने तो टेबलावर पसरला.

पांढरी रेघ होती. त्याच जागी.

घडी त्याच जागी दोनदा पडत नाही. हे तिला लगेच कळलं आणि तरी तिने ते कळल्यासारखं दाखवलं नाही, स्वतःलासुद्धा. उठून खिडकी उघडली. पाणी प्यायली. मग फायलीतून जुना ठसा काढला, दोन्ही शेजारी ठेवले आणि पट्टी घेतली. जुन्यातली रेघ अठरा मिलिमीटर. नव्यातली त्र्याहत्तर.

हवेतल्या ओलीने कागद ताणला जातो, पण शंभरात एखादाच मिलिमीटर. पेन्सिल जोरात दाबली तर रेघ जाड दिसते, लांब होत नाही. ती एकेक शंका काढत गेली आणि एकेक खोडत गेली. शेवटी तिने भिंग घेतलं. वेल्डिंगपासून तीन बोटांवर रंगाचे दोन फोड होते, मसुरीच्या दाण्यांसारखे, एकमेकांना जवळजवळ टेकलेले. जुन्या ठशात त्या दोन फोडांमध्ये सलग करडा रंग होता, दाणा न् दाणा स्पष्ट. नव्या ठशात रेघ त्या दोघांच्या मधून आरपार गेली होती.

कागद खोटं बोलत नव्हता. टाकी चिरत होती.

ती टाकी दिवसभर हवा पोटात घेते आणि सोडते. भरली की फुगते, सोडली की आकसते. डोळ्यांना दिसणार नाही इतकं, पण रोज शेकडो वेळा. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच लोखंड. आणि टाकी फुटली तर पंक्चर झालेल्या टायरसारखी नुसती फुस्स होणार नव्हती. गाडीचं चाक फुटलं तर माणसाचा हात जातो. ही तर म्हशीएवढी. आणि चीर होती मागच्या पायाशी, वहिनीच्या मशीनच्या बाजूला.

तिने दादाला फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. वहिनीला लावला. वहिनीचा फोन पिशवीत असायचा आणि पिशवी खुंटीला. शिलाई मशीन, मोटार आणि हातोडी चालू असताना त्या दुकानात कानाशी ढोल वाजवला तरी ऐकू येत नसे. तिने दोन्ही ठसे गुंडाळले, पायात मिळेल ती चप्पल घातली आणि निघाली.

दुकान पायी वीस मिनिटांवर. ती धावत होती, धाप लागली की चालत होती, आणि सगळा वेळ डोक्यात गेल्या वर्षीची गोष्ट घोळत होती. गेल्या वर्षी तिने घरच्या न्हाणीघराच्या भिंतीचा ठसा घेतला, त्यात एक वाकडी रेघ बघितली, आणि आतला पाइप फुटतोय असं सगळ्यांना पटवलं. दादाने एक रविवार खर्चून अर्धी भिंत फोडली. पाइप ठणठणीत होता. रेघ गवंड्याच्या थापीची निघाली. तेव्हापासून घरात कुणी काही शोधलं की म्हणायचे, फोडायची का भिंत? आताही ते तेच म्हणणार. आणि म्हणू देत, हसू देत, मी पोचेपर्यंत सगळे हसायला जागेवर असले म्हणजे झालं.

वळणावर येताच तिने कान टवकारले. मोटारीचा धडधडाट येत नव्हता. क्षणभर तिला बरं वाटलं. दुसऱ्याच क्षणी ती थबकली. मोटार आपोआप बंद कधी होते? टाकी गच्च भरली की. शांतता म्हणजे या घटकेला हवा सगळ्यात जास्त दाबलेली होती.

दुकानासमोर एक ट्रक उभा होता. मागचं चाक काढून जमिनीवर टाकलं होतं आणि दादा त्यावर गुडघा देऊन टायर सोडवत होता. ट्रकचा ड्रायव्हर, पोट सुटलेला, गळ्यात पंचा टाकलेला माणूस, उलट्या बादलीवर बसून त्याला सल्ले देत होता. आत, खिडकीच्या उजेडात, वहिनी मान घालून शिवत होती. तिच्या मागे टाकी.

"वहिनी, बाहेर या," खारूताई दारातूनच ओरडली. "आत्ता. आहे तसं टाकून या."

मशीन थांबलं. "काय गं? कुणाला काय झालं?"

"कुणाला काही नाही. तुम्ही आधी बाहेर या."

तिच्या तोंडाकडे बघून वहिनी उठली. कात्री हातातच घेऊन बाहेर आली. दादाही उभा राहिला. खारूताईने ट्रकच्या पायरीवर दोन्ही ठसे पसरले आणि बोट ठेवून दाखवलं: ही सतरा दिवसांपूर्वीची, ही कालची, हे दोन फोड. तिचे शब्द एकमेकांवर चढत होते.

दादाने दोन्ही कागद बघितले. मग तिच्याकडे बघितलं. "फोडायची का भिंत?"

"दादा, चेष्टा नको."

"अगं, रात्रंदिवस भुतं काढतेस. एखादं माझ्या टाकीत शिरलं असेल."

"कागदाला सुरकुती पडली असेल ताई," ड्रायव्हर समजुतीने म्हणाला. "आमच्या रस्त्याच्या नकाशाला अशीच सुरकुती आहे. मी तिला दोन वर्षं नदी समजत होतो."

"सुरकुती एकदा पडते. दोनदा त्याच जागी पडत नाही, आणि वाढत तर अजिबात नाही."

दादाने फडक्याला हात पुसले. "हे बघ, आपल्या धंद्यात पेन्सिलीने पंक्चर शोधत नाहीत. साबणाचं पाणी लावतात. बुडबुडा आला तर भोक, नाही आला तर नाही. मी ब्रश घेऊन जातो, फटीत लावतो, तोंड घालून बघतो. दोन मिनिटांत तुझंही समाधान आणि माझंही."

तो खरोखरच साबणाच्या डब्याकडे वळला. खारूताईने त्याच्या शर्टाची मागची बाजू मुठीत धरली. लहानपणी तो रस्ता ओलांडताना तिची अशी धरायचा.

"तोंड घालून? भरल्या टाकीमागे? दादा, तुला माझी शपथ."

"मग रिकाम्या टाकीला बुडबुडे येणार आहेत का? भरलेली असली तरच कळणार ना!"

तो चुकीचं बोलत नव्हता. भरल्याशिवाय चीर दिसणार नव्हती आणि भरली असताना जवळ जाण्यात शहाणपण नव्हतं. तिने डोळे मिटून घेतले, कारण त्याच्याकडे बघत तिला विचार करता येत नव्हता. "थोडी भरलेली," ती म्हणाली. "सगळी हवा सोड. मग सायकलच्या चाकात असते तेवढीच भर. चीर असली तर तेवढ्यानेही बुडबुडे येतील. नसली तर तू मला जन्मभर चिडव."

"ते तसंही चिडवणारच आहे."

"अहो, सोडा ना हवा," वहिनी म्हणाली. तिने अजून एकही प्रश्न विचारला नव्हता. "तिथे मी बसते. तुम्ही नाही बसत."

त्यावर दादा साबणाच्या डब्याकडून माघारी वळला. खारूताई म्हणाली, "टाकीच्या पोटाखाली तोटी आहे ना, ती उघड," आणि दादाने पटकन तिच्यावरची नजर काढून घेतली.

"तोटी नको. पाइपातून सोडू. पाइप इथपर्यंत येतो."

हवा भरायचा लांब लाल पाइप दारापाशीच पडला होता. दादाने त्याच्या तोंडाचा चाप दाबला. हवा सूं करून सुटली, रस्त्यावरची धूळ आणि चिंध्या उडाल्या. ती सगळी ट्रकच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. दादा चाप दाबून, ड्रायव्हर कानात बोटं घालून, वहिनी कात्री छातीशी धरून. खारूताई ट्रकच्या आडून, उघड्या दारातून आतल्या टाकीकडे बघत होती. दाबाचा काटा इतक्या लांबून दिसत नव्हता. आवाजावरूनच अंदाज करायचा. सूं जरा जाड झाला, म्हणजे दाब उतरतोय. उतरू दे. आणखी उतरू दे. ती मनातल्या मनात आकडे मोजत होती आणि प्रत्येक आकड्याला वाटत होतं, आता.

"एवढी हवा फुकट," ड्रायव्हर ओरडून म्हणाला. "माझी सगळी चाकं भरून झाली असती!"

वहिनी हसली. दादाही हसला. खारूताईच्या ओठांचं एक टोक हललं, आणि तेवढ्यात आतून धाडकन आवाज आला.

ती जमिनीवर बसलीच. पण काही उडालं नव्हतं. तो मोटारीचा आवाज होता. टाकीतली हवा कमी झाली की मोटार आपोआप सुरू होते आणि पुन्हा भरायला लागते. दहा वर्षं ती दिवसभर हेच करत आली होती. आणि बटण बंद करायचं कुणालाही सुचलं नव्हतं. दादाला नाही, वहिनीला नाही, आणि शांततेचा अर्थ ओळखणाऱ्या हुशार बहिणीलाही नाही. मोटार टाकीच्या पाठीवर धडधडत होती. टाकीचे चारही पाय हादरत होते, त्यातला एक चिरलेल्या लोखंडात रुतलेला.

"चाप सोडू का?" दादा ओरडला.

"सोडू नको! सोडलास तर भरेल!"

"मग मी आत..."

"तू चाप धर!"

बटण वहिनीच्या मशीनच्या वर भिंतीवर होतं. दारापासून पंधरा पावलं. खारूताईला नंतर आठवायचं ते एवढंच, की धाडस वगैरे काही वाटलं नव्हतं. तोंडात पितळेची चव आली होती. दादा धरून आहे, वहिनीला मी जाऊ देणार नाही, ड्रायव्हरला बटण ठाऊक नाही. वजाबाकी करून ती एकटीच उरत होती. ती टायरांच्या चळतीला एका हाताने धरत धरत आत गेली.

जवळ गेल्यावर तिला ते ऐकू आलं. मोटारीच्या धडधडाटाखाली एक बारीक शीळ. उकळू लागलेल्या किटलीसारखी. आणि टाकीमागच्या भिंतीवर, वहिनीच्या शिवून ठेवलेल्या कव्हरांच्या वर, तांबूस पाण्याचे शिंतोडे उडत होते, जणू फटीत बसून कुणी गुळण्या टाकत होतं. तिने हात वर केला. पोचेना. वहिनीच्या स्टुलावर चढावं लागणार होतं, म्हणजे टाकीकडे पाठ करावी लागणार होती. ती चढली. पाठीचा मणका न् मणका तिला वेगळा कळत होता. बटण खाली ओढलं.

मोटार एक आचका देऊन थांबली. शीळ थांबली नाही. ती स्टुलावरून उतरली की पडली हे तिला सांगता आलं नसतं. ती दाराबाहेर आली तेव्हा एक चप्पल आतच होती.

"शिट्टी वाजवतेय," ती म्हणाली. "मागून."

यावर कुणी चेष्टा केली नाही. दादाने चाप आणखी घट्ट दाबला. त्याची बोटं पांढरी पडली तेव्हा ड्रायव्हरने पाइप त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः दाबून धरला. सूंचा घोगरा आवाज झाला, मग नुसता श्वास, मग काहीच नाही. तरीही बराच वेळ कुणी आत गेलं नाही. रस्त्यावरून एक सायकलवाला हवा भरायला थांबला आणि या चौघांची तोंडं बघून पुढे गेला.

शेवटी दादा आत गेला. काटा शून्यावर होता. ड्रायव्हरने आणि त्याने टायर काढायच्या दोन पहारी टाकीखाली घालून ती भिंतीपासून हातभर पुढे ओढली. मागच्या पायाशी वेल्डिंगच्या कडेने चीर निघाली होती, आता वीतभर लांब झालेली, आणि तिच्यातून अजून तांबडं पाणी ठिबकत होतं. दादाने अंगठ्याने रंग खरवडला. रंगाबरोबर लोखंडाचा पापुद्राही आला, सुकलेल्या पानासारखा.

साबणाचं पाणी लावायची गरज उरली नव्हती.

ड्रायव्हरने पंचाने कपाळ पुसलं. "मिस्त्री, बहिणीच्या पाया पडा," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन आपल्या ट्रकच्या चाकांकडे वाकून वाकून बघायला लागला.

दादा गुडघ्यांवर बसूनच होता. "एवढं पाणी," तो म्हणाला.

हवेबरोबर ओल आत जाते, दाबली की तिचं पाणी होतं आणि टाकीच्या तळाशी साठतं. ते रोज संध्याकाळी पोटाखालच्या तोटीतून काढून टाकायचं असतं. दादाला हा धंदा शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने पहिल्या दिवशी शिकवलेली ही पहिली गोष्ट. खारूताईने खाली वाकून तोटी बघितली. ती गंजून टाकीशी एकजीव झाली होती.

"कधीपासून उघडली नाहीस?"

"वर्ष झालं असेल. फिरेना. म्हटलं बदलू एक दिवस." त्याने तोटीला हात लावला आणि काढून घेतला. "आतून लोखंड खात होतं आणि मी वरून रंग देत होतो. तू नसतीस तर..."

"मी नसते तर काय? मलाही लवकर कळलं नाही," ती म्हणाली. ती गप्प बसू शकली असती. त्याने तिला शाबासकी देऊन टाकली होती, ड्रायव्हरने तर पाया पडायला सांगितलं होतं. पण समोर ती चीर होती आणि तिची पट्टीने मोजायची सवय जात नव्हती. "पहिल्या ठशातही ती होती. सतरा दिवसांपूर्वीच. मला घडी वाटली. मी ती बुजवली."

"बुजवली म्हणजे?"

"पुसून टाकली. कॉम्प्युटरवर. कातडं चांगलं दिसावं म्हणून."

दादाने तिच्याकडे बघितलं आणि चक्क हसायला लागला, न थांबता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मी रंग फासला, तू पुसून काढलंस. आपण दोघं एकाच..."

"हो," वहिनी म्हणाली.

ती केव्हा आत आली होती ते दोघांनाही कळलं नव्हतं. तिच्या हातात कव्हरांचा गठ्ठा होता, तांबड्या डागांनी भरलेला. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती आपल्या स्टुलाकडे, मग टाकीच्या चिरेकडे, मग पुन्हा स्टुलाकडे बघत होती, आणि त्या दोन्हींमधलं अंतर नजरेने मोजत होती.

"तुम्हाला वर्षभर ठाऊक होतं," ती नवऱ्याला म्हणाली. मग नणंदेकडे वळली. "आणि तुझ्या फायलीत सतरा दिवस होतं. मी इथे रोज आठ तास बसत होते."

"वहिनी, मला खरंच..."

"तू धावत आलीस. बटणही तूच बंद केलंस. ते मी बघितलं. ते मी विसरणार नाही." तिने गठ्ठा खाली टाकला. "हेही नाही विसरणार."

तिने मशीनचं टेबल दोन्ही हातांनी धरलं आणि दाराकडे ओढायला सुरुवात केली. पाय फरशीवर करकरले. दादा दुसरी बाजू धरायला पुढे झाला.

"हात लावू नका."

तो थांबला. खारूताईही जागीच राहिली. वहिनीने एकटीने, थांबत थांबत, टायरांच्या चळतींमधून वाट काढत ते मशीन पार दाराबाहेर नेलं, उन्हाच्या कडेला, रस्त्याच्या धुळीत. स्टूल नेलं. पाठ भिंतीला लागेल आणि दुकानाचं दार समोर दिसेल असं ठेवलं. बसली. सुईतून निसटलेला दोरा घेऊन ओवायला लागली.

दोरा जाईना. तिने टोक ओठांत ओलं केलं, पुन्हा लावलं. बोटं इतकी थरथरत होती की दोरा सुईच्या या बाजूला, त्या बाजूला आपटत होता. खारूताई जवळ जाऊन उकिडवी बसली आणि तिने हात पुढे केला.

"द्या, मी ओवते."

"राहू दे," वहिनी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "हात थांबला की मीच ओवीन."

ती दोरा धरून बसून राहिली. खारूताईही तिथेच बसून राहिली, कारण तिचे स्वतःचे हातही अजून थांबले नव्हते.